जुनी स्कूबा टाकी घेताना रंग नको, खांदा वाचा

पैठणला आमचा चौघांचा गट आहे. नाथसागराच्या काठच्या गावांत विहिरीत तुटून पडलेल्या पाणबुडी मोटारी काढायच्या, गाळात रुतलेली होडी सोडवायची, आणि फोन आला की बुडालेल्या माणसाला वर आणायचं. हे शेवटचं काम कुणालाच नको असतं, पण नातेवाईक काठावर बसलेले असतात, म्हणून करावं लागतं. आधी सगळं दम धरूनच चालायचं. चाळीस फूट पाण्याखाली मोटारीच्या कडीत दोर ओवायचा तर दम पुरत नाही. म्हणून रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि पाण्याखाली श्वास घ्यायला हवेची स्कूबा टाकी घ्यायचं ठरवलं. नवी परवडेना, म्हणून जुनी घेतली.

ती पहिली टाकी निळीशार होती. विकणारा म्हणाला, "दादा, कालच रंग दिलाय, नवी कोरीच समजा." आम्ही व्हॉल्व्ह उघडून फुस्स आवाज ऐकला, पैसे दिले आणि टाकी घेऊन आलो. चाचणी केंद्रातल्या माणसाने टाकीच्या खांद्यावरचा, म्हणजे मानेखालच्या गोलाईवरचा, रंग पुसला, भिंग लावून ठसे वाचले आणि टाकी बाजूला ठेवली. "ही मी भरणार नाही. दुसऱ्या कुणाकडून भरूनही घेऊ नका." टाकी जुन्या मिश्रधातूची होती आणि मानेत आट्यांजवळ भेग होती. त्या दिवशी पैसे गेले. माणूस गेला नाही, ते केवळ त्या परीक्षकामुळे. खाली लिहिलेलं सगळं त्या दिवसानंतर शिकलेलं आहे, आणि प्रत्येक टाकीला मी ते याच क्रमाने लावतो.

आधी एक हिशोब डोक्यात ठेवा. सर्वात जास्त दिसणारी टाकी म्हणजे ॲल्युमिनियमची, 'एटी' (८०) नावाने ओळखली जाणारी. तिच्यात पाणी भरलं तर सुमारे ११.१ लिटर मावतं. ती २०७ बारपर्यंत, म्हणजे ३००० पीएसआयपर्यंत (दोन्ही दाबाचीच मापं) भरली की आत, बाहेर सोडून मोजली तर, साधारण २२०० लिटर हवा असते. व्हॉल्व्हच्या मानेचं क्षेत्रफळ जवळपास ५ चौरस सेंटिमीटर असतं. म्हणजे भरलेल्या टाकीचा व्हॉल्व्ह बाहेर फेकायला आतून सुमारे एक टन जोर सतत लागलेला असतो. तो एक टन अडवून धरतात फक्त आटे आणि मानेचा धातू. म्हणून टाकी पाहताना पोटाआधी मान पाहायची.

खांद्यावर काय लिहिलंय

सौद्याला जाताना सोबत थिनर, सुती चिंधी, भिंग, बॅटरी आणि फूटपट्टी न्या. रंगाखाली ठसे बुजलेले असतात. थिनरची चिंधी खांद्यावर दोन मिनिटं दाबून धरली आणि गोल फिरवत पुसली, की खोलगट अक्षरांत रंग अडकून राहतो आणि आकडे उलट जास्तच स्पष्ट दिसतात. विकणारा पुसू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. ठसे घासून सपाट केलेले दिसले, किंवा त्यावर दुसरे आकडे ठोकलेले दिसले, तर फुकट दिली तरी टाकी घेऊ नका.

अमेरिकी पद्धतीच्या ॲल्युमिनियम टाकीवर 'डीओटी-३एएल३०००' असा ठसा असतो, कॅनडाचीही मान्यता असेल तर सोबत 'टीसी-३एएलएम२०७'. यात ३एएल म्हणजे ॲल्युमिनियमच्या टाकीचा प्रकार आणि ३००० हा कामाचा दाब. स्टीलची असेल तर '३एए' दिसतं आणि पुढे बहुधा २२५० किंवा त्याच्या आसपासचा आकडा. युरोपी टाकीवर कामाचा दाब, चाचणीचा दाब, लिटरमधला आकार आणि रिकामं वजन असं सगळं ठोकलेलं असतं: २०० किंवा २३२ बार कामाचा आणि ३०० किंवा ३४८ चाचणीचा, अशा जोड्या सापडतात. भारतात बनलेल्या बिनजोड स्टीलच्या सिलिंडरवर 'आयएस ७२८५' हा मानकाचा ठसा पाहायला मिळतो. अनुक्रमांक सगळ्यांवर असतोच. तो लिहून घ्या, कारण कागदपत्रं ताडून पाहायला तोच लागणार आहे.

जुन्या स्टीलच्या टाकीवर पहिल्या चाचणीच्या तारखेनंतर अधिकाचं चिन्ह असेल तर ती ठोकलेल्या दाबापेक्षा १० टक्के जास्त भरायला परवानगी होती. ही सूट आपोआप पुढे चालू राहत नाही. प्रत्येक नव्या चाचणीत ते चिन्ह पुन्हा मिळवावं लागतं. शेवटच्या तारखेपुढे ते नसेल तर ठोकलेला दाबच खरा.

आता आमची टाकी ज्यात बाद झाली ती गोष्ट. ॲल्युमिनियमच्या टाक्या पूर्वी ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या बनत. वर्षानुवर्षं दाबाखाली राहिल्यावर या धातूत मानेच्या आट्यांपासून भेगा सुरू होतात, टाकी कधीही आपटली नसली तरी. लक्सफर कंपनीने अमेरिकेत १९८८च्या मध्याला हा धातू सोडून ६०६१ घेतला. इतर देशांतल्या कारखान्यांत तो त्यानंतरही काही वर्षं चालला. कॅटलिना कंपनीने ६३५१ कधीच वापरला नाही. खांद्यावर ३एएलऐवजी 'ई६४९८' किंवा 'ई७०४२' असे जुने परवाना क्रमांक दिसले तर ती टाकी त्याच धातूची आहे. परदेशात अशा टाक्यांच्या आट्यांची तपासणी एडी करंट नावाच्या विद्युत उपकरणाने करतात, तेव्हा कुठे त्या भरल्या जातात. ते उपकरण आपल्याकडे शोधत फिरण्यात अर्थ नाही. माझा नियम सरळ आहे: १९९०च्या आधीची ॲल्युमिनियमची टाकी घ्यायची नाही, मग ती कितीही चकचकीत असो.

पुढे चाचणीच्या तारखा शोधा. महिना, वर्ष आणि मधोमध चाचणी करणाऱ्या केंद्राची खूण, असा तो ठसा असतो. पहिली तारीख बनल्याची, बाकीच्या पुनर्चाचणीच्या. स्कूबा टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी, सगळे जिला हायड्रो म्हणतात ती, ५ वर्षांनी करायची रीत आहे आणि आतून डोळ्यांनी तपासणी दरवर्षी. हायड्रोमध्ये टाकी पाण्याच्या पिंपात बुडवून आत पाण्याचाच दाब देतात. ३००० पीएसआयची टाकी ५००० पर्यंत नेतात, ती किती फुगली ते मोजतात, दाब सोडल्यावर किती पूर्ववत झाली तेही मोजतात. एकूण फुगवट्याच्या १० टक्क्यांहून जास्त फुगवटा कायम राहिला तर टाकी बाद.

तारखांमधली अंतरं वाचायला शिका. २००८, २०१३, २०१८ अशी रांग असेल तर ती टाकी कुणीतरी सांभाळून वापरलेली आहे. २००८ नंतर एकदम काहीच नसेल तर ती कुठेतरी कोपऱ्यात पडून होती. कुठे पडून होती हा पुढचा प्रश्न विचारा. जालन्याला लोखंडाच्या भट्ट्यांसाठी देशभरातून भंगार येतं, आणि त्या भंगारात सिलिंडरही येतात. बाद ठरलेला सिलिंडर चपटा करून किंवा पुन्हा जोडता येणार नाही असे तुकडे करून नष्ट करायचा, असं गॅस सिलिंडर नियम सांगतात. भंगारात अख्खी टाकी सापडली याचा अर्थ ती चांगली आहे असा नव्हे. ती बाद असून कापायची राहिलेली असू शकते.

अंगावरून हात फिरवा

टाकी उन्हात आडवी ठेवा आणि तळहात वरून खाली फिरवा. डोळ्यांना न दिसणारा पोचा हाताला कळतो. मग फूटपट्टी उभी लावा. पट्टी आणि टाकी यांच्यामध्ये कुठे प्रकाश दिसतो आणि कुठे पट्टी डुगडुगते ते बघा. शिंप्याच्या टेपने तीन ठिकाणी घेर मोजा: खांद्याच्या खाली, मधोमध आणि तळाच्या वर. ११ लिटरच्या त्या ॲल्युमिनियम टाकीचा घेर ५८ सेंटिमीटरच्या आसपास येतो. तिन्ही आकडे एकसारखे हवेत. मधला घेर मोठा निघाला तर टाकी फुगलेली आहे, आणि तिथे विचार करायला काही उरत नाही.

नख अडकेल असा चर, वेल्डिंगच्या ठिणगीचा टिपका, कुठे काही जोडल्याचा वळ, यातलं काहीही असेल तर नाही म्हणा. वेल्डिंगच्या ठिणगीने पडलेला डाग लहान दिसतो, पण त्या जागी धातूचा कसच बदललेला असतो.

रंगाविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे या चुकीची शक्यता सर्वात जास्त आहे. गावोगावी पावडर कोटिंगची दुकानं झाली आहेत. खिडक्या, गेट, सोफ्याच्या चौकटी भट्टीत घालून रंग पक्का करतात. ॲल्युमिनियमची टाकी त्या भट्टीत गेली की संपली. तिची ताकद कारखान्यात दिलेल्या ठरावीक उष्णतेच्या संस्कारावर असते, आणि साधारण १७७ अंश सेल्सिअसच्या वर गेली की तो संस्कार उतरायला लागतो. वरून रंग मात्र देखणा येतो. म्हणून जाड, एकसंध, कडक, काचेसारखा रंग दिसला की विचारा: "कुठे मारून घेतला?" उत्तर भट्टीचं आलं तर सौदा मोडा. घराला किंवा गोडाऊनला आग लागून त्यात सापडलेल्या टाकीचंही तेच.

खालचा प्लास्टिकचा बूट काढायला लावा. बहुतेक लोक तो काढत नाहीत आणि खराबी तिथेच असते. समुद्रात वापरलेल्या टाकीच्या बुटात मीठ आणि ओल साठून राहते. स्टीलच्या टाकीचा तळ तिथे तपकिरी खपल्यांनी भरलेला निघतो, ॲल्युमिनियमला पांढरी बुरशीसारखी भुकटी चढते. कोकणातून, मालवण-तारकर्लीकडून आलेल्या टाकीवर हे हमखास बघा. भुकटी वरवरची असेल तर पुसली जाते. पुसल्यावर खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे ओळीने दिसले तर ती ओळ भेगेसारखी धोक्याची असते.

व्हॉल्व्ह आणि आटे

व्हॉल्व्ह हाताने सहज फिरला पाहिजे. पूर्ण उघडून, बंद करून बघा. टाकीत थोडा दाब असेल तर व्हॉल्व्ह बंद करून तिला गुरांच्या हौदात मानेपर्यंत बुडवा आणि पाच मिनिटं बसा. बुडबुडा मानेतून येतो की व्हॉल्व्हच्या दांड्यातून, ते बघा. दांड्यातून येत असेल तर ओ-रिंग, म्हणजे आतली रबरी कडी, बदलून भागतं. मानेतून येत असेल तर आत काय चाललंय ते कळल्याशिवाय घेऊ नका.

टाकीतली दाबाची हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देतो तो रेग्युलेटर. भारतातल्या बऱ्याच टाक्यांवर कड्यात रेग्युलेटर आवळायचा योक पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो. रेग्युलेटर आटे फिरवून बसवायची डिन पद्धतही आढळते. तुमचा रेग्युलेटर कोणता हे आधी पाहून घ्या, नाहीतर टाकी येईल आणि जुळणारच नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्हॉल्व्हचे टाकीत बसणारे आटे. अमेरिकी टाक्यांच्या मानेचे आटे पाऊण इंची, युरोपी टाक्यांचे २५ मिलिमीटरचे आणि दोन मिलिमीटर अंतराचे. दिसायला दोन्ही सारखेच. २५ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत काही फेरे जातोही, पण धरत नाही. भरताना तो एक टन जोर त्याला बाहेर फेकतो. म्हणून विकणाऱ्याने "व्हॉल्व्ह नवीन टाकलाय" म्हटलं की आनंद मानू नका. व्हॉल्व्हवर आणि टाकीच्या मानेवर आट्यांचं माप बहुधा ठोकलेलं असतं, दोन्ही वाचून जुळवा.

आतलं दर्शन

व्हॉल्व्ह स्वतः काढायचा नाही. टाकी पूर्ण रिकामी झाल्याची खात्री करूनच जाणकार तंत्रज्ञ तो काढतो. पण व्हॉल्व्ह न काढताही तुम्हाला बरंच कळू शकतं. टाकी दोन्ही हातांत धरून हळू उलटी-सुलटी करा आणि कान लावा. आत खडखड किंवा सरसर आवाज आला तर गंजाच्या खपल्या सुटलेल्या आहेत, डबडब आला तर पाणी. मग टाकी उलटी धरून व्हॉल्व्हच्या तोंडाशी स्वच्छ पांढरं उपरणं लावा आणि व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडा. कापडावर काय येतं ते बघा. लालसर तपकिरी डाग म्हणजे स्टीलचा गंज, राखाडी-पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमची, ओलसर गोल म्हणजे पाणी, पिवळट तेलकट डाग म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल. मी त्या कापडाचा वासही घेतो. शुद्ध हवेला वास नसतो. जळक्या तेलाचा वास आला तर ती टाकी चुकीच्या कॉम्प्रेसरवर भरली जात होती.

स्टीलच्या टाकीत ओल असेल तर धोका केवळ धातूचा नाही. गंज चढताना आतल्या हवेतला ऑक्सिजन वापरला जातो. महिनोन्‌महिने भरून ठेवलेल्या अशा टाकीतली हवा दाबाने पूर्ण दिसते आणि श्वासाला अपुरी पडते. पाण्याखाली माणसाला काही समजायच्या आत शुद्ध जाते.

काट्यावर पूर्ण शून्य दाब असलेली टाकी मी संशयाने बघतो. व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर कित्येक पावसाळ्यांची दमट हवा आत गेली असेल. नीट ठेवलेल्या टाकीत २०-३० बार तरी शिल्लक असतात.

रिकामं वजन ठोकलेलं असेल तर आडतीवरच्या काट्यावर टाकी ठेवून घ्या. ठोकलेल्या वजनापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त घट म्हणजे नियमाने बाद. १४ किलोच्या टाकीत ही घट ७०० ग्रॅम होते, भाजीच्या काट्यावरही कळेल. व्हॉल्व्हसह तोललं असेल तर व्हॉल्व्हचं वजन वजा करायला विसरू नका.

जी टाकी टाकीच नाही

कोरोनाच्या लाटेनंतर घराघरांत ऑक्सिजनचे सिलिंडर उरले आहेत, आणि ते वापरता येतील का असं मला आजही विचारतात. येत नाहीत. काळं अंग आणि पांढरा खांदा असेल तर तो दवाखान्याच्या ऑक्सिजनचा. एका वायूसाठीचा सिलिंडर परवानगीशिवाय दुसऱ्या वायूसाठी वापरणं नियमात बसत नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये तेलाचा अंश असलेली हवा भरणं म्हणजे आगीला बोलावणं आहे. आणि आत शुद्ध ऑक्सिजन तसाच असेल तर सहा मीटरच्या खाली तो झटके आणतो. आग विझवायच्या सिलिंडरला रेग्युलेटर बसवायचा विचारही करू नका.

कागद आणि सौदा

गॅस सिलिंडर नियम २०१६ आपल्याकडे लागू आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या राज्यातच, नागपूरला आहे. परदेशी बनावटीच्या टाकीला मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता आणि कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र लागतं. विकणाऱ्याकडे त्याची प्रत मागा, त्यावरचा अनुक्रमांक तुम्ही खांद्यावरून उतरवलेल्या क्रमांकाशी जुळवा. मुदत संपलेली टाकी कुठलंही जबाबदार केंद्र भरत नाही. कागद नसेल तर तुम्ही टाकी घेत नाही, एक जड नळकांडं घेताय.

सौदा असा करा: थोडा विसार द्या, टाकी मान्यताप्राप्त चाचणी केंद्रात न्या, व्हॉल्व्ह काढून आतून तपासणी आणि हायड्रो दोन्ही करून घ्या. पास झाली तर उरलेले पैसे, नाहीतर विसार परत. हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करा. खरा माणूस याला तयार होतो. किंमत ठरवताना हायड्रोचा खर्च, व्हॉल्व्हचं ओ-रिंग-सामान आणि केंद्रापर्यंतच्या दोन फेऱ्या नव्या टाकीच्या किमतीशी ताडून बघा. आमच्या भागातून या सगळ्यासाठी मुंबई-पुणे किंवा कोकण गाठावं लागतं, त्यामुळे स्वस्त टाकी बऱ्याचदा स्वस्त राहत नाही.

भरायचं कुठे हेही घेण्याआधी ठरवा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर ८-१० बार देतो आणि हवेसोबत तेल. २०० बारची श्वासायोग्य हवा देणारा, गाळण्या वेळेवर बदलणारा कॉम्प्रेसरच हवा.

मला आमच्या कामासाठी ॲल्युमिनियमचीच आवडते. विहिरीच्या गढूळ पाण्यात तिला काळजी कमी लागते. एक मात्र लक्षात ठेवावं लागतं, रिकामी होत आली की ती तरंगायला लागते, समुद्रात सुमारे २ किलोने, गोड्या पाण्यात थोडं कमी. तेवढं शिसं पट्ट्यात वाढवा. ४० फुटांवर जोराचं काम करताना मिनिटाला ६५ लिटरच्या आसपास हवा जाते, तेव्हा ५० बार राखून ही टाकी साधारण २५ मिनिटं पुरते. नाथसागराची पूर्ण पातळी १५२२ फूट आहे, म्हणजे आपण समुद्रसपाटीपासून ४६० मीटरवर बुडी मारतो. किती खोल किती वेळ थांबायचं ते सांगणारे बुडीचे तक्ते ३०० मीटरच्या वर बदलतात, हे प्रशिक्षकाकडून आधी समजून घ्या.

टाकी घरी आणताना ती रिकामी असू द्या. एसटीत किंवा रेल्वेत दाबाची टाकी न्यायची नाही, आणि भरलेला सिलिंडर दुचाकीवरून नेणं नियमानेच बंद आहे. जीपमध्ये आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी पोती लावा, व्हॉल्व्ह प्रवासाच्या दिशेला नको. घरी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३ वर जातो, आणि २०० बारला भरलेल्या टाकीचा दाब दर अंशामागे जवळपास ०.७ बारने चढतो. माजघरातला थंड कोपरा बरा. तिथे भिंतीला कडी मारून, पट्ट्याने बांधून, उभी ठेवा. आत ३० बार राहू द्या, आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर धूळ बसू नये म्हणून टोपी. पहिल्यांदा भरून आणली की लगेच विहिरीत नेऊ नका. रात्रभर तशीच ठेवा, सकाळी दाबाचा काटा पुन्हा बघा, आणि पांढरं उपरणं पुन्हा एकदा तोंडाशी धरा.